कोपऱ्यावरचं बाळ

ओब्दुलियाने कोपरा विकला हे मला शाळेच्या स्वयंपाकघरात कळलं, संत्री चिरता चिरता. आमच्या गल्लीतली दोन्या तोमासा नातीला वर्गात सोडून मागच्या दाराशी आली, जाळीत बोटं अडकवून उभी राहिली आणि म्हणाली, "एर्लिंदा, तुझ्या कोमाद्रेने सही केली."

"कुठल्या?"

"जशा काही दहा आहेत तुला. ओब्दुलियाने. कांदेलारियाचा सण झाला की घर रिकामं करणार."

"काहीतरीच."

"मग जाऊन बघ. ट्रंका बाहेर काढून ऊन दाखवतेय."

सुरी माझ्या हातात तशीच राहिली. ओब्दुलियाची लेक आरासेली, तिच्या बाप्तिस्म्याला मी तिला हातांवर धरलं होतं. मी तिची धर्ममाता. त्या दिवसापासून ओब्दुलिया आणि मी कोमाद्रे, आमचे नवरे एकमेकांचे कोंपाद्रे. त्याआधी आम्ही दोघी अगंतुगं करायचो, कोंबड्यांवरून भांडायचो. कोमाद्रे झालो आणि अहोजाहो सुरू झालं. हे नातं विहिणींसारखं, जिभेला लगाम घालून सांभाळायचं. एकीने मागितलं तर दुसरीने नाही म्हणायचं नाही. इतक्या वर्षांत मी कधी म्हटलं नव्हतं.

आता कोपऱ्याचं सांगते. रुळांच्या बाजूने गोदामं आमच्याकडे सरकत आली आहेत. आधी अक्रोडांची गल्ली गेली, मग विहिरीची, आता पाळी आमच्या संत्र्यांच्या गल्लीची. नावातच संत्री, बागा कधीच्या तुटल्या. आमच्या जमिनी अर्ध्या अर्ध्या एकराच्या. प्रत्येकाकडे एक-दोन घोडे, शेळ्या, निवडुंगाची एक ओळ. माझा नवरा एवोदियो नालबंद आहे. घोडे गेले की त्याचं काम गेलं, आणि प्रत्येक गोदामामागे घोडे जातात.

गोदामवाल्या कंपनीला मंजुरी मिळाली त्या दिवशी आम्ही सगळे कामावर खाडा करून शहरातल्या मोठ्या कचेरीत गेलो होतो. पुढच्या रांगा नारिंगी शर्टांच्या माणसांनी भरलेल्या. कंपनीनेच आणलेली, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. मला माईक मिळाला. मी एक वाक्य बोलायचे, शेजारची बाई ते इंग्रजीत सांगायची, आणि दोघींचं मिळून एकच मिनिट धरलेलं. बोलत बोलत मी आमच्या शाळेतल्या शिशुवर्गाच्या अंगणापर्यंत पोचले नि वेळ संपल्याचा दिवा लाल झाला. साहेबाने थँक्यू म्हटलं. माईक बंद झाल्यावर मी आणखी दोन वाक्यं बोलले, ती माझी मलाच ऐकू आली.

उरलं होतं फक्त ट्रकांचं फाटक. कोपऱ्याचा तुकडा कंपनीला मिळाला तर फाटक आमच्या गल्लीत, शिशुवर्गाच्या अंगणासमोर. नाही मिळाला तर त्यांना ते पाठीमागे, रुळांकडे न्यावं लागणार. तेवढं एक आमच्या हातात होतं, आणि तो कोपरा होता ओब्दुलिया नि तिचा नवरा निकानोर यांचा.

काम आटोपून मी तशीच तिच्याकडे गेले. डोक्यावरची जाळीही काढली नव्हती. वारा सुटला होता. जानेवारीत वाळवंटाकडून हा कोरडा वारा येतो तेव्हा ओठ फुटतात, घोडे बिथरतात, आणि कंपनीने सपाट करून ठेवलेल्या जमिनीची माती दातांत करकरते. ओब्दुलिया अंगणात गोधड्या झटकत होती.

"कोमाद्रे, खरं का?"

"खरं."

"आणि मला ते तोमासाकडून कळायचं."

"तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक होतं. ते ऐकायची ताकद नव्हती." तिने गोधडी दोरीवर टाकली. "मागे गोदामाची भिंत. डाव्या हाताला भिंत. सकाळचं ऊन माझ्या अंगणात दुपारी येतं. त्यांच्या दिव्यांमुळे घोडी रात्रभर उभीच्या उभी. उंदीर किती झालेत ते सांगतच नाही. तुमच्या दारापुढे अजून झाड आहे कोमाद्रे, म्हणून तुम्हाला लढायला जोर आहे."

"म्हणून पोरांच्या तोंडावर धूर सोडायचा?"

"पोरं तुमची. तुम्ही रोज वाढता त्यांना. माझी मोठी झाली."

हे ती बोलली. आरासेली लहान असताना माझ्या हातून जेवली आहे त्या शाळेत, आणि ही असं बोलली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण निकानोर पाठीला पट्टा बांधून ओट्यावर बसला होता, माझ्याकडे बघून त्याने टोपी उचलली, म्हणून मी गप्प राहिले. आणि उघड्या दारातून मला आत बाळ दिसत होतं.

बाळ म्हणजे आमच्या बाळयेशूची मूर्ती. सीमेपलीकडच्या साकातेकासहून आमचे सासरे-चुलते आले तेव्हा ब्लँकेटात गुंडाळून त्याला आणलं. छोट्या खुर्चीत बसलेला, डोक्याला टोपी, हातात काठी. पायात खऱ्या चामड्याचे बूट, कारण तो रात्री उठून पोराबाळांना बघत फिरतो नि तळवे झिजवतो. वर्षभर एका घरी राहतो. दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाला, पुढच्या घरी जातो. पुढच्या घराने त्याला नवे बूट आणायचे, जुन्या घराने तमाले, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेले मुटके, करून गल्लीला जेवू घालायचं. आणि नियम असा: बाळ ज्या घरात, त्या घराला कुलूप लागत नाही. पुढच्या घराने दारात उभं राहून "ये" म्हणेपर्यंत आधीच्या घराने बाळाला सोडून जायचं नाही.

यंदा पुढचं घर माझं होतं. कित्येक वर्षं मी रांगेत होते. एवोदियोने जुने नाल जोडून बाळासाठी कमान केली होती, घासून घासून चांदीसारखी.

कल्पना माझी होती. दुसऱ्या कुणाचं नाव कुणी घेतलं तर ऐकू नका. तोमासाच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका जमल्या, कुणी म्हणत होती अर्ज करू, कुणी म्हणत होती कंपनीच्या गाडीपुढे झोपू. मी म्हटलं, "काही करायचं नाही. बाळ घ्यायचं नाही. मी घेणार नाही, तुम्हीही कुणी घेऊ नका. बघू ती घर कसं सोडते."

ओब्दुलियाची आरासेली तापाने आकडी येऊन पडली होती तेव्हा आईने तिला बाळाच्या पायाशी घातलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ओब्दुलिया नवऱ्याला सोडेल, बाळाला टाकून जाणार नाही.

"पाप आहे गं," तोमासा म्हणाली.

"पाप आहे तर तुम्ही घ्या त्याला."

तिने घेतलं नाही.

घरी एवोदियो कानस घासत बसला होता. त्याला सांगितलं. त्याने कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "बाळाचं कुलूप केलंस."

"तुमच्या हातोड्याने तर काही होत नाही. मला जे सापडेल ते मी वापरते."

"कमान काढून ठेवू?"

"राहू दे."

पुढचे दिवस ओब्दुलियाला जड गेले, आणि ते जावेत म्हणूनच सगळं चाललं होतं. जपमाळेच्या प्रार्थनेला तिच्याकडे कुणी गेलं नाही. मांडून ठेवलेल्या खुर्च्या तिने एकटीने उचलल्या. तोर्तियांच्या दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. एकदा मी पुढे होते, ती मागे. मी माझं पुडकं घेतलं आणि तिच्या अंगावरून गेले, दोरीवरचं धुणं बाजूला सारावं तसा तिचा हात कोपराने सारून. दुकानदारीण हसली. मलाही बरं वाटलं.

सणाला थोडे दिवस उरले होते तेव्हा ती शाळेच्या मागच्या दारी आली. मी ताटल्या विसळत होते. मी तिला बघितलं आणि विसळत राहिले. ती कचऱ्याच्या पिंपांपाशी उभी होती, माश्या वारत. सगळ्या ताटल्या संपल्यावर मी हात पुसले.

"कोमाद्रे, बाळाचं माप आणलंय," ती म्हणाली. रुमालात दोरा गुंडाळलेला होता. "बुटांसाठी. नव्या घराने आणायचे असतात."

"मी आणणार नाही."

"मग अनवाणी आणू त्याला?"

"आणता कुठे? कुणी घेणार नाही. कागद परत करा, कंपनीच्या त्या फाबियानला सांगा विचार बदलला. मग बघू."

"तसं होत नसतं. सही झाली आहे."

"मग सहीला विचारा बाळ कुठे ठेवायचं ते."

तिचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. "एर्लिंदा," ती म्हणाली. बाप्तिस्म्यापासून तिने मला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. "मी तुझ्याकडे मागतेय. कोमाद्रे म्हणून मागतेय."

"नाही," मी म्हटलं.

तिने दोरा परत रुमालात गुंडाळला आणि गेली. मी ओल्या ताटल्या पुन्हा एकदा विसळल्या.

त्याच आठवड्यात एवोदियो निकानोरच्या घोडीचे नाल काढायला गेला. मला न सांगता गेला. मी कुंपणावरून बघितलं तेव्हा तो वाकलेला, घोडीचा पाय गुडघ्यांत धरून, पकडीने खिळे उपटत होता. निकानोर घोडीचं तोंड धरून उभा. घरी आल्यावर मी ताट वाढलं नाही.

"कोंपाद्रेने बोलावलं," तो म्हणाला.

"सगळी गल्ली जात नाही आणि माझाच नवरा जातो."

"घोडी ट्रेलरमध्ये पाय मारते. नाल असले तर स्वतःलाच फोडील." त्याने खिशातून चार नाल काढून टेबलावर ठेवले. "घोडीने कुठे सही केली?"

"त्यांना जायला मदत करताय तुम्ही."

"ती माणसं जाणारच आहेत, एर्लिंदा. तुला एकटीला अजून कळलं नाही."

मी ते नाल उचलून अंगणात फेकले. एक निवडुंगात जाऊन अडकला.

कांदेलारियाच्या दिवशी सकाळपासून तिच्या घरातून वाफ येत होती. तिने सगळ्या गल्लीपुरते तमाले केले होते. मोठं पातेलं, मक्याची पानं, मिरचीचा वास थेट आमच्यापर्यंत. कुणी गेलं नाही. दुपारी वारा वाढला आणि दोघं बाहेर पडली. पुढे ओब्दुलिया, हातांत खुर्चीसकट बाळ, अंगावर नवा झगा. मागे निकानोर, पाठीचा पट्टा आवळून, तमाल्यांचं पातेलं ढकलगाडीवर घेऊन. नाताळआधी आमच्यात मुलं असंच दारोदार फिरून देवासाठी जागा मागतात, आतली माणसं गाण्यातून नाही म्हणतात, आणि शेवटचं दार उघडतं. इथे गाणं नव्हतं. ती दारासमोर उभी राहायची, थांबायची, पुढे जायची. तोमासाच्या दारात ती बराच वेळ थांबली. आतून टीव्हीचा आवाज वाढला.

आमचं फाटक वाजलं. मी ओट्याच्या आत, दाराला पाठ लावून उभी होते. एवोदियो नालांच्या कमानीखाली बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. उठायचं असतं तर तो उठू शकत होता, पण "ये" घरच्या बाईने म्हणायचं असतं.

"कोमाद्रे," बाहेरून आवाज आला.

मी पाठ दाराला आणखी रेटली. शिशुवर्गातली पोरं माझ्या डोळ्यांसमोर होती, वाफाळत्या भातावर फुंकर घालणारी. मी त्यांच्यासाठी करतेय असं मी स्वतःला बजावलं, आणि ते खरंही होतं.

"पाय दुखले असतील तिचे," एवोदियो हळूच म्हणाला.

"गप्प बसा."

ढकलगाडीचं चाक करकरत परत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा कोपऱ्यावर ना गाडी, ना ट्रेलर. घोडीही नव्हती. दार सताड उघडं होतं, वाऱ्याने मिटू नये म्हणून उंबऱ्याशी दगड लावलेला. आणि आत, रिकाम्या खोलीत, एकुलत्या एका टेबलावर बाळ होतं. पुढे मेणबत्ती, तमाल्यांची ताटली. तिने नियम मोडला आणि पाळलाही. बाळाला टाकून गेली, पण घराला कुलूप घातलं नाही.

"आता?" तोमासाने विचारलं. सगळ्या बायका रस्त्यावर जमल्या होत्या, उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकेना.

"आता काय," मी म्हटलं. "बाळ आत आहे. पाडू देत त्यांना हिंमत असेल तर."

हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी यंत्र आलं, चार माणसं आली, सगळी आमच्यातलीच. मुकादम लादिस्लाओ आत गेला आणि हेल्मेट काढून बाहेर आला. कोठार पाडलं, कुंपण काढलं, घराला हात लावेनात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाळापुढे दुसरी मेणबत्ती लावली, एकाने सोडा ठेवला. आम्ही कुंपणाशी उभ्या राहून बघत होतो आणि हसत होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही जिंकतोय असं वाटलं.

मग फाबियान आला. कंपनीचा माणूस, पण बाप आमच्यासारखाच तिकडचा, मिचोआकानचा, म्हणून त्याला आमच्याकडे पाठवतात. गोड पावांचं खोकं घेऊन दारोदार फिरला.

"दोन्या एर्लिंदा, ती मूर्ती तुमची आहे म्हणतात."

"माझी नाही."

"यंदा तुमच्याकडे येणार होती ना?"

"येणार होती. आली नाही. माझी नाही."

"मग कुणाची?"

"तुझ्या कंपनीची. घर घेतलंस ना, आतलं सगळं तुझं."

त्याने पावांचं खोकं ओट्यावर ठेवलं. मी ते कोंबड्यांना घातलं. तोमासानेही त्याला तेच सांगितलं, आणि पुढच्या घरांनीही. ज्या बाळासाठी आम्ही वर्षानुवर्षं रांगा लावल्या, ते त्या दिवशी गल्लीत कुणाचंच नव्हतं.

शुक्रवारी लादिस्लाओ शाळेच्या जाळीपाशी आला. हातात हेल्मेट.

"बाई, आम्हाला दुसरीकडे पाठवतायत. सोमवारी वेगळी माणसं येतील."

"येऊ देत."

"ती टोपी काढणारी नाहीत," तो म्हणाला. "आज मी मागची भिंत काढली, काढावीच लागली. छप्पर एका बाजूने लटकतंय. मी त्याला हात लावू शकत नाही बाई, मी त्या घरचा नाही. पण कुणीतरी लावा."

घंटा झाली, पोरं अंगणात सुटली. वाऱ्याने कोपऱ्यावरची माती थेट त्यांच्यावर येत होती. बाईंनी सगळ्यांना लगेच आत घेतलं. मी ॲप्रन काढलं आणि रस्ता ओलांडला.

मागची भिंत नव्हती. जिथे ओब्दुलियाची चूल होती तिथून सरळ गोदामाची पांढरी भिंत दिसत होती, खिडकी नसलेली, आभाळापर्यंत. तेव्हा मला कळलं ती कशासमोर उभी राहून पोळ्या भाजत होती ते. बाळाच्या टोपीवर, मांडीवर, गालांवर माती बसली होती. मी बाहीने त्याचं तोंड पुसलं. मग पाय पुसायला गेले.

त्याच्या पायात बूट होते. पांढरे, मऊ चामड्याचे, चांदीचं बटण असलेले. ते मी ओळखले. आरासेलीच्या बाप्तिस्म्याला मीच आणून घातले होते तिच्या पायांत, धर्ममाता म्हणून. ओब्दुलियाने ते इतकी वर्षं जपून ठेवले होते. नव्या घराने बूट आणले नाहीत, म्हणून तिने नव्या घराचेच बूट त्याला घातले, आणि नातं त्या टेबलावर ठेवून निघून गेली.

मी तिथे रडले. लादिस्लाओची माणसं बाहेर होती, त्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

मी बाळाला खुर्चीसकट उचललं. उंबऱ्याशी पोचले तर लादिस्लाओने विचारलं, "झालं ना बाई?"

"झालं," मी म्हटलं.

मी रस्ता ओलांडायच्या आत यंत्र सुरू झालं. मी मागे वळले नाही. एवोदियो फाटकात उभा होता. दारात "ये" म्हणायला मी आतही नव्हते, मीच बाळाला घेऊन बाहेर. म्हणून ते तोच म्हणाला. पुरुषाने म्हटलेलं चालतं की नाही मला माहीत नाही, विचारायला कुणी उरलं नाही.

फाटक झालं. कोपऱ्यावर, अंगणासमोर. ट्रक वळताना असा हिसका देतात की शाळेच्या स्वयंपाकघरात ताटल्या वाजतात. शिशुवर्गाची पोरं मधल्या सुट्टीत वर्गातच बसतात, आणि मी संत्र्यांच्या फोडी तिथेच नेऊन देते. कंपनीने पुढचा नकाशा आणला आहे. तोमासा मुलाकडे गेली. तिच्यानंतर आणखी दोन घरं गेली. एवोदियो आता नाल मारायला तासभर गाडी चालवून डोंगरापलीकडे जातो.

फाबियान परवा आला होता. आता आमचा तुकडा हवाय. दार उघडंच होतं, तो आत आला आणि कमानीखाली बाळाला बघून थांबला.

"ह्याला घेणारं घर आण," मी म्हटलं. "ते मिळालं की मी सही करते."

तो हसला. मी हसत नव्हते ते त्याला जरा उशिरा कळलं.

पुन्हा कांदेलारिया येऊन गेली, बाळाला न्यायला कुणी आलं नाही. तमाले मी केले, नवरा-बायकोने खाल्ले. बाळाच्या पायात अजून तेच पांढरे बूट आहेत, तळवे काळे पडलेत. मी ते काढणार नाही. ज्या बाईने घातले तिने येऊन काढावेत. ती आलीच तर मी तिला बस म्हणणार नाही, पाणी विचारणार नाही. पण दाराला मला कुलूप घालता येत नाही, हे तिला माहीत आहे.